नकाशातली हिरवी वाडी

दर्शनाने झऱ्याच्या पन्हळीखाली कळशी धरली आणि अर्धी भरायच्या आतच बाजूला घेतली. पाणी ताकासारखं येत होतं.

पावसात वाडीखालच्या वहाळाचं पाणी लाल होतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण विहारामागचा हा झरा कातळाच्या पोटातून येणारा. ऐन आषाढातही त्याच्या डबक्यात तळाची वाळू दिसायची. आज त्या पाण्यात पिवळट पांढरी माती होती, पिठासारखी बारीक. तिने ती चिमटीत चोळून पाहिली. वरच्या लाल जांभ्या दगडाची ही माती नव्हे. जांभ्याच्या खाली, डोंगराच्या आत चिकणमातीचा थर असतो, त्यातून ती सुटून येत होती. म्हणजे डोंगर आतून धुपत होता.

हे पाणी काय सांगतंय ते वाचायलाच ती पाच वर्षं शिकली होती, आणि वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

विहारातून माइकची चाचणी ऐकू येत होती. ‘हॅलो, हॅलो, जयभीम, जयभीम.’ आज आप्पांचा, तिच्या वडिलांचा, पहिला स्मृतिदिन होता, आणि त्याच मांडवात दर्शनाचा सत्कारही. पीएचडी नुकती झालेल्या तरुण संशोधकांपैकी भूविज्ञानात ज्याचा प्रबंध सर्वांत उजवा ठरेल, त्याला देशपातळीवर एक पुरस्कार देतात. यंदा तो तिच्या दरडींवरच्या प्रबंधाला जाहीर झाला होता. पुरस्कार घ्यायला दिल्लीला जायचं होतं ते पुढच्या महिन्यात, पण वाडीच्या मुंबई मंडळाला तेवढा धीर नव्हता. माणसं एकदाच गावाला येतील, दोन्ही कार्यं एकत्र करू, असं मंडळाने ठरवलं. विहाराच्या दारावर बॅनर लागला होता. वरच्या अंगाला ‘कालकथित शांताराम गमरे गुरुजी, प्रथम स्मृतिदिन’, खालच्या अंगाला ‘डॉ. दर्शना शांताराम गमरे यांचा जाहीर सत्कार’, आणि मधोमध तिचा नकाशा.

नकाशात जिल्ह्यातल्या डोंगरउतारावरच्या वाड्या रंगवलेल्या होत्या. कुठे दरड यायचा धोका किती, ते रंगावरून कळावं म्हणून. निवड समितीने त्याचंच कौतुक केलं होतं की हा नकाशा सामान्य माणसालाही वापरता येतो.

वापरला होता तो आप्पांनी. आयुष्यभर मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. त्यांनी नकाशा विहाराच्या भिंतीवर लावला, सगळ्यांना गोळा केलं आणि पट्टी लावून समजावलं, “लाल म्हणजे नापास. पिवळा म्हणजे काठावर. हिरवा म्हणजे पास.” त्यांची वाडी हिरवी होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दर पावसाळ्यात तहसीलची नोटीस यायची, वाडी रिकामी करून शाळेत राहायला जा म्हणून. आप्पा नकाशा आणि प्रबंधाची प्रत घेऊन साहेबांसमोर बसले आणि वाडीचं नाव धोक्याच्या यादीतून काढून आले. “तुझ्या शिकण्याचा वाडीला उपयोग झाला गो,” असं त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं होतं. आवाज ओला झाला होता त्यांचा. हिरवा रंग त्या वर्षीच्या डोंगराचा आहे, डोंगराला कुणी हात लावला की तो बदलतो, हे तिने प्रबंधात लिहिलं होतं. फोनवर तिच्या तोंडून एवढंच निघालं, “छान झालं, आप्पा.” त्यानंतरच्या श्रावणात आप्पा झोपेतच गेले.

कळशी तिथेच ठेवून ती डोंगरमाथ्यावरच्या सड्याच्या वाटेला लागली. तिचा चुलतभाऊ प्रज्ञेश खुर्च्या मांडत होता, तो मागून धावत आला.

“ताई, सत्कारमूर्ती कुठे निघाल्या? नवी साडी चिखलात घालणार?”

“वर सड्यावर कुणी काय केलंय का रे? खणलंय वगैरे?”

“काजूवाल्याने तळं मारलंय. मुंबईचा कुणी पार्टी आहे, जमीन घेतलीय. का?”

ती चढत राहिली. प्रज्ञेश वाटेत दोनदा हसवायला गेला.

सड्यावर वारा छत्री धरू देत नव्हता. आप्पांच्या मागून ती इथे फिरली होती तेव्हा सगळीकडे उघडा काळा कातळ होता आणि त्याच्या फटीफटीतून उगवलेली निळी जांभळी फुलं. आता कातळ फोडून रांगेने खड्डे मारले होते, प्रत्येकात काजूचं रोप, प्रत्येकात काठोकाठ पाणी. आणि कड्याच्या अगदी अंगाला, वाडीच्या बरोबर डोक्यावर, मशीनने खणलेलं तळं. तळाला ना प्लास्टिक, ना सिमेंट. इतका पाऊस होऊनही ते भरलेलं नव्हतं.

“गळतंय वाटतं,” प्रज्ञेश म्हणाला.

“हो.”

“मग पाणी जातं कुठे?”

तिने पायाखाली बोट दाखवलं. कड्याच्या जरा अलीकडे गवतात एक भेग होती. ती वाकली, हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. आत गार हवा होती आणि कुठून तरी, खूप खालून, पाणी खळखळल्याचा आवाज. तिने हात असा झटकन काढला, जणू आतून कुणीतरी तो धरणार होतं.

“काय आहे?” प्रज्ञेशने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

“सरक मागे. इथे उभा राहू नकोस.”

उतरताना तिने पुण्याला सरांना फोन लावला. त्यांच्याच हाताखाली तिने प्रबंध केला होता. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “फोटो पाठव,” ते म्हणाले. “पण एका भेगेवरून काही जाहीर करू नकोस. मोजमाप नसताना बोलणं शास्त्रात बसत नाही, आणि आता तर तुझ्या शब्दाला वजन आलंय.” सर चुकीचं बोलत नव्हते. तिनेही विद्यार्थ्यांना हेच सांगितलं असतं. मग तिने तालुक्याच्या आपत्ती कक्षाला फोन लावला.

“वाडीचं नाव यादीत नाही, मॅडम.”

“माहीत आहे. पण आता धोका आहे. गाडी पाठवाल का?”

“यादीतल्या वाड्यांनाच गाड्या कमी पडतायत. तुमची वाडी सुरक्षित असल्याचा अहवाल आहे ना. डॉक्टर दर्शना गमरे यांचा.”

“मीच दर्शना गमरे.”

“मग मॅडम, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत,” पलीकडचा माणूस म्हणाला. टोमणा नव्हता तो, त्याला खरंच तसं वाटत होतं.

विहार भरला होता. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेली माणसं आंघोळी करून पांढऱ्या कपड्यांत बसली होती. पुढे टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, आणि खालच्या पाटावर आप्पांचा फोटो. बौद्धाचार्य मेणबत्त्या लावत होते. मागच्या भिंतीलगतच्या पडवीत काळ्या वाटाण्याची आमटी रटरटत होती, आणि त्या पडवीच्या मागे लगेच डोंगर. दर्शनाने आत येताना दार ओढलं तर ते चौकटीत अडकलं.

“सकाळपासून लागत नाय मेलं,” कुणीतरी म्हणालं. “पावसाने फुगलंय.”

दार लोखंडी होतं.

मुंबई मंडळाचे अध्यक्ष राजाराम काका हार सोडवत बसले होते. गोदीतून रिटायर झालेले, दणकट, आप्पांचे लहानपणापासूनचे सोबती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, माणसं इथून हलवायला हवीत. आत्ताच. वर भेग पडलीय. डोंगर येईल.”

राजाराम काका हसले. “भाषण करायला घाबरतेस होय? अगो, चार शब्द बोल नि बस.”

“काका, मी चेष्टा करत नाही.”

“मग हे काय?” त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. “शांतारामने पोरांसारखं शिकवलंय आम्हाला. हिरवा म्हणजे पास.”

“तेव्हा पास होता. आता वर तळं खणलंय. नकाशा आता खरा राहिला नाही.”

हे जरा मोठ्याने गेलं. जवळच्या बायका वळून पाहू लागल्या. राजाराम काकांचा चेहरा उतरला.

“बाय, असं चारचौघांत बोलू नको. दिल्लीवाल्यांच्या कानावर गेलं तर? तुझा पुरस्कार काढून घेतील.”

“घेऊ देत.”

“घेऊ देत काय! शांताराम गेला तो एवढं एक सुख घेऊन गेला.” त्यांनी हार खाली ठेवला. “आणि हलवायचं कुठे म्हणतेस?”

“शाळेत. वहाळावरच्या साकवापलीकडे.”

“त्या शाळेत मला लहानपणी पाणी वरून ओतायचे. आता ते दिवस नायत, मला ठावं हाय. पण हा विहार आम्ही बांधलाय, सुट्ट्या टाकून, डोक्यावरून चिरे वाहून. शांतारामचं कार्य आपल्या विहारात नाय नि तिथे करू? बस तू. कार्य उरकू, मग बघू.”

तो नुसता हट्ट नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. मागच्या भिंतीच्या पायाशी ओल धरली होती आणि फरशीच्या सांध्यातून पाण्याची एक बारीक रेघ बाहेर येऊन बायकांच्या चटईकडे निघाली होती. पांढरट. कुणाचं लक्ष नव्हतं. एक लहान मुलगी त्या रेघेत बोट बुडवून फरशीवर चित्र काढत होती.

त्रिसरण सुरू झालं. सगळे हात जोडून उभे राहिले. आता सांगितलं तर कोण ऐकणार? सांगायला वेळ किती उरलाय, तेही तिला ठाऊक नव्हतं. एक तास असेल, एक आठवडा असेल. कदाचित काहीच होणार नाही, आणि मग पुढच्या खेपेला, खरं संकट येईल तेव्हा, तिचं कुणीच ऐकणार नाही.

ती पुढे गेली. तिने पाटावरून आप्पांचा फोटो उचलला, हारासकट, छातीशी धरला आणि चालू पडली.

बौद्धाचार्यांचा आवाज मध्येच तुटला. “दर्शना!” आई ओरडली. राजाराम काका दारात आडवे झाले, पण ती त्यांच्या बगलेखालून निघाली आणि पावसात उतरली. चप्पल राहिली, छत्री राहिली. मागे गलका उठला. “वेड लागलं पोरीला.” “बाप गेल्यापासून बोलतच नव्हती.” “फोटो घ्या, फोटो घ्या आधी, भिजतोय!” ती धावायला लागली. साकवावर पाय घसरला तेव्हा तिने स्वतःला सावरण्याऐवजी फोटो सावरला, गुडघा फुटला, ती उठली. आयुष्यात तिने आप्पांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. आता त्यांना असं काखोटीला मारून पळवून नेत होती.

कार्य ज्याचं, तोच निघून गेल्यावर मागे बसून काय करायचं? माणसं उठली. आधी बाया, मग कडेवर पोरं घेऊन सुना, मग शिव्या घालत पुरुष. घराघरांतून म्हातारी माणसंही बाहेर आली, काय झालं बघायला. अंथरुणाला खिळलेल्या यमुनाबाईंना प्रज्ञेशने आणि त्याच्या मित्राने खुर्चीत घालून आणलं. प्रज्ञेश एकट्याला कारण सांगावं लागलं नव्हतं. त्याने भेगेत गेलेला तिचा हात पाहिला होता.

शाळेच्या व्हरांड्यात आईने तिच्या हातून फोटो ओढून घेतला. पदराने काच पुसली. “लाज वाटते का गो?” ती म्हणाली. “आजच्या दिवशी?”

“आई, नंतर मार मला. इथेच थांबा फक्त.”

राजाराम काका धापा टाकत आले. त्यांनी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग शाळेच्या टेबलावर फोटो ठेवला गेला, कुणीतरी मेणबत्ती पेटवली, आणि बौद्धाचार्यांनी राहिलेलं त्रिसरण पुन्हा पहिल्यापासून घेतलं. खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता. हिरवागार, स्थिर. धुक्याची एक पट्टी त्याच्या कमरेवरून सरकत होती. दर्शना त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात एक विचार आला, जो तिला भेगेपेक्षाही भीतीदायक वाटला. पडू दे एकदाचा. म्हणजे हे लोक माझ्याकडे असं बघणार नाहीत.

कार्य संपलं, तशी पोरं भुकेने रडायला लागली. “जेवण?” कुणीतरी विचारलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की टोप तिकडेच राहिलेत.

“चला रे तिघे माझ्याबरोबर,” राजाराम काका उठले. “माणसं उपाशी गेली तर शांतारामचं पुण्यानुमोदन कसलं?”

“काका, नको.” तिने त्यांचा हात धरला. “मी पाया पडते.”

“तू आज बरंच केलंस, बाय.” त्यांनी हात सोडवला. “डोंगर हाय तिथे हाय. टोप आणतो नि येतो.”

ते निघाले. ती त्यांच्यामागून गेली, दुसरं काही तिला सुचेना. पुरुष बांबू खांद्यावर घेऊन तिला ऐकू जाईल असं बोलत होते. “आमटीला पण रंग दिलाय का रे नकाशात?” “काळी. नापास.” सगळे हसले. विहाराच्या पडवीत त्यांनी भाताच्या टोपाच्या कड्यांतून बांबू घातला आणि उचलला. दोघे तो घेऊन पुढे झाले. राजाराम काका आणि प्रज्ञेश आमटीच्या टोपाकडे वळले.

दर्शना झऱ्यापाशी उभी होती. तिला आधी कळलंच नाही काय वेगळं आहे. मग कळलं, आवाज नव्हता. पन्हळीतून पाणी येत नव्हतं. एवढ्या पावसात, वर तेवढं तळं मुरत असताना, झरा कोरडा. पन्हळीच्या तोंडाला शेवटचा एक थेंब लोंबत होता.

आत वाट बुजली होती. सगळं पाणी आता डोंगरात अडून उभं होतं.

“काका, टाका ते!” ती किंचाळली. “टाका! पळा!”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. राजाराम काकांनी तिच्याकडे पाहिलं, झऱ्याकडे पाहिलं. या झऱ्याचं पाणी ते लहानपणापासून प्यायले होते आणि तो थांबलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी टोप सोडला. आमटी पडवीभर सांडली. तिघंही धावली, प्रज्ञेश काकांच्या दंडाला धरून ओढत होता, पुढच्या दोघांना तिने ओरडून साकवाकडे पिटाळलं. पायाखालची जमीन हलकेच शहारली, गुरं अंगावरची माशी उडवतात तशी. मागे झाडं मोडण्याचा आवाज आला, एकेक नाही, सगळी एकदम. आणि मग एक घरघर, जी कानाने नाही, छातीने ऐकू आली.

ते साकवापलीकडे चिखलात पडले तेव्हाच ती घरघर थांबली.

दर्शनाने मान वळवली. विहाराची पुढची भिंत उभी होती. दारावरचा बॅनर तसाच होता. त्याच्यामागे विहार नव्हता, पडवी नव्हती, झरा नव्हता. लाल आणि पिवळ्या मातीचा एक ओला पट्टा वरच्या सड्यापासून खाली वहाळापर्यंत आला होता आणि त्याच्या कडेला तीन घरं कौलांपर्यंत बुडाली होती. त्यातलं एक यमुनाबाईंचं.

राजाराम काका चिखलात बसले होते. शाळेच्या अंगणातून रडण्याचा एकच कल्लोळ उठला होता. आई धावत येत होती. तिने दर्शनाला उचललं, चेहरा चाचपला, मग मिठी मारली आणि सोडेचना.

दर्शनाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट भीतीने आता तिला पुरतं धरलं. आईच्या खांद्यावरून तिला तो बॅनर दिसत होता, आणि त्यावरचा नकाशा. नकाशात हिरवी असलेली ही एकटीच वाडी नव्हती. काजूवाल्यांनी तळं मारलेला सडाही हा एकटाच नव्हता. आप्पांसारखं कुणीतरी प्रत्येक वाडीत असणार, ज्याने तो कागद भिंतीवर लावून सगळ्यांना सांगितलं असेल, आपण पास आहोत.

“काका,” ती म्हणाली, “बाकीच्या हिरव्या वाड्यांत कळवायला हवं. आत्ता.”

“ऑफिसला फोन कर.”

“ऑफिस माझाच अहवाल वाचून दाखवेल. माणसांना कळवायला हवं. घरातल्या माणसांना.”

राजाराम काकांनी चिखलाचा हात कपाळावरून फिरवला. मग सदऱ्याच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. “नावं सांग,” ते म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात येऊन ती नावं सांगू लागली. वरचा कोंड. पाटाची वाडी. घेरा. गवळवाडी. “वरच्या कोंडात माझी नणंद दिलीय,” एक बाई डोळे पुसत म्हणाली आणि तिने पदराआडून फोन काढला. “पाटाच्या वाडीचं मुंबई मंडळ माझ्या ओळखीचं,” राजाराम काका म्हणाले. घेऱ्यात कुणाचा साडू, गवळवाडीत कुणाची लेक. ज्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं त्यांनी शेजारच्या वाडीत फोन लावले. घेऱ्यात रेंज लागेना, तर प्रज्ञेश मोटारसायकल घेऊन निघाला. दर्शनाने त्याला एकच सांगितलं, झऱ्याचं पाणी बघ, आणि बघून तिथे थांबू नकोस. तो दिसेनासा होईपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली. मग पुढचं नाव घेतलं.

कुठून होकार येत होता, कुठून वादावादी. “अहो, तुमच्या भिंतीवर काय लावलंय ते नका सांगू!” राजाराम काका फोनवर ओरडत होते. “जिने नकाशा काढलाय तीच सांगतेय, उतरवा म्हणून!”

आईने दर्शनाच्या हातातला फोन घेतला, खाली बसली आणि ओल्या बोटांनी गवळवाडीतल्या आपल्या धाकट्या बहिणीचा नंबर लावला. बराच वेळ नुसती रिंग वाजत राहिली. मग पलीकडून कुणीतरी उचललं.

“हॅलो, शालू? जेवायला बसलीस? नको जेवू. ऊठ.”